सातबारा आपला, अर्ज भलत्याचा : शेतकऱ्याच्या ओळखीचा गैरवापर कसा होतो, तो कसा रोखावा?

पीकविमा योजनेत २०२४ च्या हंगामातील अर्जांची छाननी झाली, तेव्हा राज्यात सुमारे चार लाख अर्ज बोगस आढळल्याची माहिती तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी जानेवारी २०२५ मध्ये दिली. सरकारी जमीन, देवस्थानची जमीन, बिगरशेती जमीन, इतकेच नव्हे तर बाग नसताना फळबाग दाखवूनही विमा काढल्याची प्रकरणे पुढे आली. चर्चा झाली ती सरकारी तिजोरीची आणि विमा कंपन्यांची. एक बाजू मात्र मागे राहिली. दुसऱ्याच शेतकऱ्याच्या जमिनीवर परस्पर विमा काढणे हाही या प्रकारातलाच एक भाग होता. जमीन एकाची, कष्ट त्याचे, आणि अर्जावर नाव व बँक खाते तिसऱ्याचे.

ओळखीची चोरी म्हटले, की खात्यातून पैसे जाणे एवढेच डोळ्यांसमोर येते. शेतकऱ्याच्या बाबतीत तो अर्धाच भाग आहे. आपल्या नावावर किंवा आपल्या गट नंबरवर दुसऱ्याने काहीतरी करून ठेवणे, हा उरलेला अर्धा भाग. खात्यातून पैसे गेले तर त्याच दिवशी मेसेज येतो. नावावर परस्पर विमा, कर्ज, सिमकार्ड किंवा बँक खाते निघाले, तर ते कळायला महिने, कधी वर्षे लागतात. बहुतेक वेळा कळते ते नोटीस आल्यावर किंवा आपलाच खरा अर्ज अडकल्यावर. म्हणून ओटीपी न सांगण्याची सावधगिरी पुरेशी नाही. आपल्या नावावर काय काय आहे, हे हंगामातून एकदा स्वतः तपासण्याची सवय हवी.

एक रुपयाच्या विम्यात काय घडले?

खरीप २०२३ पासून राज्यात शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरून पीकविमा काढण्याची सोय झाली. शेतकऱ्याच्या हिश्शाचा उरलेला हप्ता राज्य सरकार भरत होते. हेतू चांगला होता. पण त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. अर्ज करणाऱ्याला खर्च जवळपास नव्हता. सामूहिक सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत होते, म्हणजे अर्ज जितके जास्त तितकी केंद्राची कमाई जास्त. आणि सातबारा ऑनलाइन असल्याने गाव व गट नंबर माहीत असलेल्या कोणालाही तो पाहता येत होता.

गैरव्यवहाराची रीत साधी होती. दुसऱ्याचा सातबारा काढायचा, भाडेकराराचा किंवा संमतीचा कागद तयार करायचा, आधार आणि बँक खाते मात्र आपले जोडायचे. ज्याची जमीन, त्याच्या मोबाइलवर काहीच येत नव्हते. एकाच गटावर क्षेत्रापेक्षा जास्त विमा निघाला, की अर्ज पडताळणीत अडकतात आणि त्यात खऱ्या शेतकऱ्याचा अर्जही असू शकतो.

पुढे सेवा केंद्रांवर कारवाई झाली आणि खरीप २०२५ पासून एक रुपयाची सोय बंद झाली. आता शेतकऱ्याला विमा संरक्षित रकमेच्या खरिपासाठी २ टक्क्यांपर्यंत, रब्बीसाठी १.५ टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. शेतकरी ओळख क्रमांक म्हणजेच फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. बोगस विमा काढल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे काळ्या यादीत टाकण्याची तरतूद आली. भलत्याने केलेल्या अर्जांची किंमत अशी प्रत्येक प्रामाणिक शेतकऱ्याने मोजली.

काळ्या यादीची तरतूद योग्यच आहे, पण तिची दुसरी बाजू समजून घ्यावी. आपले आधार आणि आपला सातबारा वापरून कोणी चुकीचा अर्ज भरला, तर पहिला संशय आपल्यावरच येतो. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याची वेळ आपल्यावर येते. ‘केंद्रावर कागद देऊन आलो, काय भरले ते त्यालाच माहीत’ ही सवय आता परवडणारी नाही.

कागद लपवून भागणार नाही

सातबारा हा सार्वजनिक अभिलेख आहे. तो लपवता येत नाही. आधारची झेरॉक्स आजवर किती ठिकाणी दिली, हे आठवून पाहावे. ठिबकचा विक्रेता, ट्रॅक्टरची एजन्सी, विकास सोसायटी, साखर कारखाना, सिमकार्डचे दुकान, बँक. त्या सगळ्या झेरॉक्स परत मिळणार नाहीत. म्हणजे आपला क्रमांक बाहेर आहे, असे धरूनच पुढचा विचार करावा.

क्रमांक कळल्याने सगळे साधत नाही. व्यवहार पूर्ण होण्यासाठी बहुतेक ठिकाणी आपली संमती लागते. ही संमती चार रूपांत असते : ओटीपी, अंगठा, चेहरा आणि सही. राखायच्या आहेत त्या या चार गोष्टी. कोणाला, कशासाठी आणि किती वेळा दिल्या, यावर आपले लक्ष हवे. त्यासाठी काही साध्या सवयी लावून घ्याव्यात.

- आधारची झेरॉक्स देताना त्यावर आडवे लिहावे : ‘फक्त ठिबक अनुदान अर्जासाठी’, तारीख आणि सही. असा कागद दुसऱ्या कामाला वापरणे अवघड जाते.
- जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तिथे मास्क्ड आधार द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ‘माय आधार’ संकेतस्थळावरून ते मोफत मिळते.
- कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये, समोरचा माणूस नात्यातला असला तरी.
- ओटीपी देण्यापूर्वी मेसेज पूर्ण वाचावा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. तो कशासाठी आला आहे, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते.

मोबाइल नंबर : सर्वांत कच्चा दुवा

पीएम किसान, महाडीबीटी, पीकविमा, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, बँक या सगळ्यांची सूचना मोबाइलवर येते. अनेक शेतकऱ्यांच्या अर्जात मात्र नंबर असतो केंद्रचालकाचा, पुतण्याचा किंवा कधीच बंद झालेल्या जुन्या सिमचा. ‘ओटीपी पटकन यावा’ म्हणून केंद्रचालक स्वतःचा नंबर टाकतात. काम त्या दिवशी होते, पण पुढे येणारी प्रत्येक सूचना त्यांच्याकडे जाते आणि आपल्याला काहीच कळत नाही.

जुने सिम बंद पडू देण्यातही धोका आहे. रिचार्ज न करता बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तोच नंबर बँकेला जोडलेला राहिला, तर आपल्या खात्याचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात जातात. नंबर बदलायचा असेल, तर आधी आधार आणि बँकेत नवा नंबर नोंदवावा, मगच जुने सिम सोडावे.

आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला, तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ अशी तक्रार नोंदवावी. आपल्या नावाच्या सिमवरून कोणी फसवणूक केली, तर पोलिस आधी आपल्याच दारात येतात. घरात चालू असलेल्या फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीकडे चौकशी करावी. आपल्या नंबरचे दुसरे सिम कोणी काढलेले असू शकते.

अंगठा किती वेळा लावला?

गावातील बँक मित्र किंवा दुकानदाराकडे अंगठा लावून पैसे काढण्याची सोय म्हणजे आधारवर आधारित देयक प्रणाली, म्हणजेच एईपीएस. बँक लांब असलेल्या गावांत ती फार उपयोगी आहे. मात्र तिला पिन किंवा ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा पुरतो.

ठसाही चोरता येतो, हे तेलंगणाने पाहिले आहे. २०१८ मध्ये पेद्दपल्ली जिल्ह्यातील एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांतून लोकांचे ठसे उचलले आणि त्यांच्या रबरी नकला करून सिमकार्ड चालू केले. जमिनीच्या दस्तावर नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एकाच ठिकाणी मिळतो, हे या प्रकरणातून उघड झाले. त्यानंतर यंत्रणा सुधारली. ठसा जिवंत बोटाचा आहे का, हे तपासणारी पद्धत आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये लागू केली. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये अशी सेवा देणाऱ्या चालकांच्या कसून पडताळणीचे निर्देश दिले. ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

गावपातळीवर मात्र साधी फसवणूक जास्त चालते. ‘अंगठा जुळला नाही, पुन्हा लावा’ असे म्हणून दोनदा रक्कम काढली जाते. किंवा ‘फक्त केवायसी करायची आहे’ असे सांगून पैसे काढले जातात. त्यासाठी :

- अंगठा लावण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावर किती रक्कम आहे, ते पाहावे.
- प्रत्येक वेळी पावती मागावी. व्यवहार अयशस्वी झाला असे सांगितले, तर त्याचीही पावती घ्यावी.
- घरोघरी येऊन ‘मोफत योजना’ किंवा ‘मोफत भेटवस्तू’ म्हणून अंगठा मागणाऱ्यांना देऊ नये.
- एईपीएस वापरत नसाल, तर बँकेत अर्ज देऊन ती सोय बंद करून घ्यावी. अनेक बँका हे करून देतात.
- एम-आधार अॅप किंवा माय आधार संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येते. लॉक असताना रेशन दुकानात किंवा ई-केवायसीला अंगठा चालत नाही; त्या वेळी थोड्या वेळापुरते उघडावे लागते. यासाठी आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला हवा.

माय आधारवर गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कधी आणि कशा प्रकारे वापरले गेले, याची नोंदही दिसते. आपण कुठेही गेलो नसताना त्यात अंगठ्याची नोंद दिसली, तर लगेच बायोमेट्रिक लॉक करून बँकेला कळवावे.

अनुदान भलत्याच खात्यात का जाते?

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, नमो शेतकरी योजनेचा हप्ता, अतिवृष्टीची मदत हे पैसे थेट आधार संलग्न खात्यात येतात. एका आधारला अनेक खाती जोडलेली असली, तरी थेट लाभासाठी त्यातले एकच खाते चालते. कोणी आपल्या नावाने नवे खाते उघडून ते लाभासाठी जोडले, तर पुढचा हप्ता तिकडे जाऊ शकतो. शेतकरी बँकेत चकरा मारतो, कृषी कार्यालय म्हणते ‘पैसे जमा झाले’, आणि खाते पुस्तकात काहीच नसते.

हे कल्पनेतले नाही. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय उघडली गेली आणि गॅसचे अनुदान त्या खात्यांत जाऊ लागले. आधार प्राधिकरणाने कारवाई केल्यावर ३१ लाखांहून अधिक ग्राहकांचे सुमारे १९० कोटी रुपये परत वळवावे लागले. निमित्त होते सिमकार्डच्या आधार पडताळणीचे.

म्हणून हप्ता आला नाही, तर आधी माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहावी. आपले आधार लाभासाठी कोणत्या बँकेला जोडले आहे, ते तिथे कळते. बँकेचे नाव अनोळखी असेल, तर आपल्या नेहमीच्या शाखेत सीडिंगचा नवा अर्ज द्यावा आणि त्या अनोळखी बँकेकडे लेखी तक्रार करावी.

न घेतलेले कर्ज, न विकलेली जमीन

कर्जाच्या बाबतीत गैरवापर सर्वांत उशिरा कळतो. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याशी संबंधित प्रकरणात, आपल्या नावावर परस्पर पीककर्ज उचलल्याची तक्रार शेतकऱ्यांनी केली आणि २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. बँकांच्या नोटिसा हातात पडल्या, तेव्हा अनेकांना आपण कर्जदार असल्याचे समजले. अशा वेळी नवे पीककर्ज थांबते, आणि बियाणे-खताच्या हंगामात सावकाराकडे जाण्याची वेळ येते.

कर्ज तपासण्याचे दोन मार्ग आहेत. सिबिलसह देशातील चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसले, तर कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे हरकत नोंदवावी. दुरुस्तीला ३० दिवसांपेक्षा जास्त वेळ लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. विकास सोसायटीचे कर्ज मात्र या अहवालात असेलच असे नाही. त्यासाठी सोसायटीकडून आपला खातेउतारा लेखी मागावा आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा पाहावा.

जमिनीच्या व्यवहारात तोतया व्यक्ती उभी करून दस्त नोंदवण्याचे प्रकारही घडतात. परगावी राहणारे खातेदार, वृद्ध आणि विधवा यांच्या जमिनींना हा धोका जास्त. नोंदणीनंतर फेरफार धरला जातो आणि त्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. महसूल विभागाच्या ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर गावनिहाय फेरफार नोटिसा दिसतात. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असलेल्यांनी महिन्यातून एकदा आपल्या गावाची नोटीस पाहावी. घरातील खातेदाराचे निधन झाल्यावर वारसनोंदही लांबवू नये. मृताच्या नावाने हप्ते चालू राहिले, तर नंतर वसुली कुटुंबाकडून होते.

‘पीएम किसान’ नावाचे अॅप आणि खाते भाड्याने देणे

व्हॉट्सअॅपच्या गटांत ‘पीएम किसान’ किंवा ‘विमा यादी’ अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती यादी नसते, ते अॅप असते. ते उघडून परवानग्या दिल्या, की फोनवर येणारे ओटीपीचे मेसेज चोराकडे जाऊ लागतात. मग ओटीपी कोणाला सांगितला नसला तरी खाते रिकामे होते. अशी फाइल बहुधा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. सरकारी अॅप फक्त प्ले स्टोअरवरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरूनच घ्यावे. चुकून असे अॅप घेतले असेल, तर आधी फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि मगच फोन साफ करून घ्यावा.

दुसरा प्रकार तरुणांना गाठतो. ‘खाते आणि एटीएम कार्ड वापरायला द्या, महिन्याला पैसे मिळतील’ असे सांगितले जाते. त्या खात्यातून दुसऱ्यांच्या फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलिसांत ज्याचे खाते, त्याचेच नाव येते आणि खाते गोठवले जाते. त्याच खात्यात ऊसबिल किंवा कापसाचे पैसे येणार असतील, तर तेही अडकतात. खाते, कार्ड किंवा सिम कोणालाही वापरायला देऊ नये.

फार्मर आयडीने काय बदलेल?

राज्यात १५ डिसेंबर २०२४ पासून अॅग्रिस्टॅकची नोंदणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी बंधनकारक झाला. या ११ अंकी क्रमांकाला आधार आणि शेतजमीन जोडलेली असते. भलत्याच्या सातबारावर आपले आधार लावण्याची जुनी पळवाट त्यामुळे बरीच बंद होते. ही जमेची बाजू मोठी आहे.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकच क्रमांक सगळ्या योजनांना चालतो, म्हणजे त्यात चूक राहिली तर ती सगळ्या योजनांत जाते. नोंदणीत दुसऱ्याचा मोबाइल नंबर लागला असेल किंवा एखादा गट राहिला असेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे. ई-पीक पाहणीतही एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ही सोय गावातील इतरांना मदत व्हावी म्हणून आहे. पण आपल्या गटावर कोणते पीक नोंदले गेले, हे स्वतः पाहणे गरजेचे आहे. शेतात सोयाबीन आणि नोंद कांद्याची, अशी तफावत दिसली तर लगेच ग्राम महसूल अधिकाऱ्याला (तलाठ्याला) कळवावे.

हंगामातून एकदा करायची तपासणी

पेरणीनंतर एक दिवस ठरवून, शक्यतो घरातील तरुण सदस्याला सोबत घेऊन, पुढील नोंदी पाहाव्यात :

१. सातबारा : क्षेत्र, इतर हक्कातील बोजा, नवा फेरफार.
२. ई-पीक पाहणी : आपल्या प्रत्येक गटावरील पीक व क्षेत्र.
३. पीकविमा : पावतीवरील गट, पीक, क्षेत्र आणि बँक खाते. शंका असल्यास १४४४७ या क्रमांकावर चौकशी करावी.
४. पीएम किसान : संकेतस्थळावरील लाभार्थी स्थिती. मदतीसाठी १५५२६१.
५. माय आधार : बँक सीडिंग आणि सहा महिन्यांचा वापर.
६. संचार साथी : आपल्या नावावरील सिमकार्ड.
७. वर्षातून एकदा पतअहवाल आणि सोसायटीचा खातेउतारा.

प्रत्येक पावतीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत घरच्या फाइलमध्ये ठेवावी. वाद निर्माण झाला, तर हीच फाइल कामाला येते.

फसवणूक झाली तर पहिले तीन दिवस

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यामुळे पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर नुकसानीचा भार नसतो. चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपयांपर्यंतचाच भार येतो. त्यापुढे बँकेच्या धोरणानुसार ठरते. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाज वाटून गप्प बसण्यात तोटाच आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

नावाचा गैरवापर झाला असेल, म्हणजे परस्पर विमा, कर्ज किंवा सिम निघाले असेल, तर संबंधित कार्यालयात ‘हा अर्ज मी केलेला नाही’ असे तारखेसह लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि पोलिसांत तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरण्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हा कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो; हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही.

विस्तार कार्यकर्ते आणि केंद्रचालकांसाठी

शेतकऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी कार्यालयातील लॉगिन सैल असेल तर उपयोग नाही. तमिळनाडूत २०२० मध्ये पीएम किसानमध्ये सुमारे ११० कोटी रुपये अपात्र लोकांच्या खात्यांत गेले. त्यात अधिकाऱ्यांच्या लॉगिन व पासवर्डचा दलालांनी वापर केल्याचे समोर आले. कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढले गेले आणि ज्यांच्या खात्यात पैसे आले त्यांच्याकडून वसुली झाली. जालना जिल्ह्यातही अतिवृष्टी अनुदानात बनावट लाभार्थी दाखवल्याप्रकरणी २०२५ मध्ये तलाठ्यांचे निलंबन झाले आणि गुन्हा दाखल झाला.

कामाचा ताण खरा आहे. याद्या वेळेत भरायच्या असतात, सर्व्हर रात्री चालतो, मदतीला ऑपरेटर लागतो. तरीही आपला पासवर्ड दुसऱ्याला देणे म्हणजे कोरा धनादेश सही करून देणे आहे. त्यामुळे सहायक कृषी अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि केंद्रचालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

- लॉगिन फक्त स्वतः वापरावे. बदली झाल्यावर त्याच दिवशी ते बंद करून घ्यावे.
- अर्जात शेतकऱ्याचाच मोबाइल नंबर टाकावा. त्याच्याकडे फोन नसेल, तर घरातील सदस्याचा टाकावा. स्वतःचा कधीही नाही.
- अर्ज पाठवण्यापूर्वी गट, पीक, क्षेत्र व खाते क्रमांक शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि पावती हातात द्यावी.
- आधार, पासबुकचे फोटो व्हॉट्सअॅप गटात मागवू नयेत. काम झाल्यावर केंद्राच्या संगणकातील प्रती काढून टाकाव्यात.
- लाभार्थी यादी ग्रामसभेत वाचावी. कागदावर खपलेले खोटे नाव गावासमोर बहुधा टिकत नाही, कारण कोणाची किती जमीन हे गावाला पाठ असते.

शेतीत पीक पेरून कोणी शेताकडे पाठ फिरवत नाही. बांधावर फेरी असतेच. नावावरच्या नोंदींनाही आता तशीच फेरी लागते. येत्या ग्रामसभेत वर दिलेली सात मुद्द्यांची यादी वाचून दाखवावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. फोन न वापरणाऱ्या ज्येष्ठ खातेदारांची तपासणी गावातील दोन-तीन मुलांनी, त्या खातेदाराला शेजारी बसवून करून द्यावी.